गवती छपरांचे इंग्लंड आणि चित्राबाहेरची माणसे

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाच्या घरी एक वस्तू हमखास सापडते. जुन्या इंग्लंडच्या चित्रकार्डांची चळत. उतारावरची दगडी घरे, गवताने शाकारलेली जाड छपरे, खिडकीवर चढलेला गुलाबाचा वेल, मागे चर्चचा मनोरा, रस्त्यात एखादी घोडागाडी आणि पांढऱ्या एप्रनमधली एखादी मुलगी. आता तर अशी चित्रे मोबाईलवरही रोज येऊन पडतात. पाहणारा हळहळतो, "काय सुंदर काळ होता! माणसे साधी, समाधानी, एकमेकांना धरून राहणारी." ब्रिटिश माणूस असे म्हणतो तेव्हा एक वेळ समजू शकते, तो आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण काढत असतो. परंतु आमचे शिकलेसवरलेले मित्रही तीच री ओढू लागतात तेव्हा आम्हाला गप्प बसवत नाही.

आम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेले लोक आहोत. गावाचे चित्र कोण काढतो यावर त्यात काय दिसणार हे ठरते, हे आम्हाला पुस्तक न वाचताही ठाऊक असते. वेशीतून काढलेल्या फोटोत आमची घरे येत नाहीत. तोच प्रश्न इंग्लंडच्या चित्रांनाही विचारला पाहिजे. फोटो कोणी काढला? कोणासाठी काढला? घर दिसते आहे, पण त्या घराचा मालक कोण? आणि चौकटीबाहेर कोण उभे आहे? या प्रश्नांसाठी आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची एकच काउंटी मुख्यतः घेतो, डॉर्सेट. चित्रकार्डांवर सर्वात जास्त मिरवणाऱ्या भागांपैकी हा एक, आणि शेतमजुरांच्या दैन्यासाठी १९ व्या शतकात सर्वात जास्त बदनाम झालेल्या भागांपैकीही हाच एक. दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या आहेत.

आधी चित्रांचा इतिहास पाहू. कागदावर टिकून राहिलेली सर्वात जुनी फोटो-निगेटिव्ह १८३५ साली इंग्लंडमधल्याच एका खेड्यात तयार झाली. डॉर्सेटशेजारच्या विल्टशायरमधले लॅकॉक हे ते खेडे आणि विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट हा तिचा कर्ता. टपालाच्या तिकिटाएवढ्या त्या निगेटिव्हवर काय आहे? लॅकॉक अ‍ॅबीची एक जाळीदार खिडकी, आणि तीही आतून पाहिलेली. ही अ‍ॅबी म्हणजे जुना मठ. आठव्या हेन्रीने १५३९ साली तो खालसा केला, पुढे ते जमीनदाराचे घर झाले, आणि टॅलबॉट हा त्या घराचा मालक होता. म्हणजे टिकून राहिलेली ती सर्वात जुनी निगेटिव्ह जमीनदाराच्या घरातून घेतली गेली. टॅलबॉटची बुद्धी मोठी होती, त्याबद्दल वाद नाही. फुरसत, पैसा आणि प्रयोगाला लागणारी जागा कोणाकडे होती, एवढेच आम्ही सांगतो आहोत. लॅकॉकचे अख्खे गाव पिढ्यान्‌पिढ्या या एका इस्टेटीचे होते. १९४४ साली टॅलबॉट घराण्यातल्या मटिल्डा टॅलबॉट यांनी ते नॅशनल ट्रस्टला दिले. सगळी घरे एकाच मालकाची, म्हणून कोणी मनाने नवी खिडकी बसवली नाही, मजला चढवला नाही. आज जुन्या काळावरच्या चित्रपटांचे चित्रीकरण तिथे होते. जे 'जतन' म्हणून कौतुकाने सांगितले जाते त्याच्या मुळाशी भाडेकरूला स्वतःचे घर बदलण्याचा अधिकार नसणे ही गोष्ट आहे.

दुसरे नाव फ्रान्सिस फ्रिथ. हा लिव्हरपूलचा किराणा मालाचा मोठा व्यापारी. धंदा विकून त्याने इजिप्त आणि पॅलेस्टाइनचे फोटो काढले, आणि १८६० साली रायगेट गावी कंपनी काढली. उद्देश असा की ब्रिटनमधले प्रत्येक शहर आणि खेडे कॅमेऱ्यात आणायचे. त्याच्यानंतरही कंपनी चालली ती थेट १९७० च्या आसपासपर्यंत. १८९४ साली ब्रिटिश टपालखात्याने खासगी चित्रकार्डांना परवानगी दिली. १९०२ साली कार्डाच्या पाठीमागच्या बाजूचे दोन भाग करून एकीकडे पत्ता आणि दुसरीकडे मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली, त्यामुळे पुढची संपूर्ण बाजू चित्राला मोकळी झाली. अर्ध्या पेनीत कार्ड जात असे. मग खेड्यांच्या चित्रांचा पूरच आला. आज 'जुने ब्रिटन' म्हणून जे डोळ्यांसमोर येते त्यातले बरेचसे या बाजारासाठी तयार झालेले आहे.

ही कार्डे घेत कोण होते? १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येपेक्षा जास्त भरली. जगात असे प्रथमच घडत होते. म्हणजे चित्रकार्डे आली तेव्हा निम्म्याहून अधिक समाज गावातून बाहेर पडून गिरणीच्या भोंग्यावर जगत होता. सुटीत समुद्रावर किंवा खेड्यात जायचे आणि कार्ड पाठवायचे. गाव सोडलेल्यांना गावाचे चित्र विकले गेले, परंतु गाव का सोडावे लागले हे त्या चित्रावर छापलेले नव्हते.

त्या काळच्या तंत्राचाही यात हात आहे. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटला बराच वेळ उजेड द्यावा लागे. जो हलला तो पुसट झाला किंवा नाहीसाच झाला. भिंती टिकल्या. चालणारा, ओझे वाहणारा, काम करणारा माणूस टिकला नाही. फोटोग्राफरने "हलू नका" म्हणून उभे केलेले तेवढे राहिले. जुन्या रस्त्यांची जी 'शांतता' आपल्याला मोहवते, ती काही प्रमाणात या यंत्राची करामत आहे.

आता डॉर्सेटकडे वळू. मिल्टन अ‍ॅबस हे गाव इंग्लंडच्या सुंदर खेड्यांच्या यादीत नेहमी असते. एका रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, समोर हिरवळ राखून, अगदी एकसारखी पांढरी, गवती छपरांची जोडघरे. पाहणाऱ्याला वाटते की हे शेकडो वर्षांत आपसूक वाढलेले जुने खेडे असावे. प्रत्यक्षात ते १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात नकाशावर आखून बांधलेले आहे. त्याआधी जवळच्या अ‍ॅबीशेजारी मिडलटन नावाचे बाजाराचे गाव होते. शंभराहून अधिक घरे, दुकाने, शाळा. जोसेफ डेमर, पुढे लॉर्ड मिल्टन झालेला श्रीमंत जमीनदार, याने १७५२ साली ही इस्टेट घेतली. त्याला आपल्या वाड्याच्या खिडकीतून माणसांचे गाव दिसायला नको होते, मोकळे उद्यान हवे होते. उद्यानरचनेत नाव कमावलेला केपेबिलिटी ब्राउन आणि वास्तुविशारद विल्यम चेंबर्स हे त्याच्या दिमतीला होते. घरांचे भाडेपट्टे जसजसे संपत गेले तसतशी घरे पाडली गेली. हॅरिसन नावाच्या वकिलाने पट्टा सोडायला नकार दिला, तेव्हा तळ्याची दारे उघडून त्याच्या घरात पाणी सोडले गेले आणि हॅरिसनने कोर्टात जाऊन दावा जिंकला, अशी हकीकत तिथे आजही सांगतात. शेवटी मात्र गाव गेलेच. आज त्या जागी हिरवळ आणि तळे आहे. गावकऱ्यांपैकी काहींना डोंगराआड, साहेबाच्या नजरेपलीकडे, नवी घरे मिळाली. तीच आज चित्रकार्डावर आहेत.

या सुंदर घरांच्या आत काय होते? एकेक इमारत दोन कुटुंबांसाठी म्हणून बांधलेली, परंतु पाडलेल्या घरांपेक्षा नवी घरे फारच थोडी. १८४० च्या दशकातल्या एका वर्णनात मिल्टन अ‍ॅबसच्या एकेका घरात सरासरी ३६ माणसे राहत असल्याचे म्हटले आहे. लाज राखावी म्हणून काही शेजारी सगळे पुरुष एका घरात आणि सगळ्या बायका दुसऱ्या घरात अशी वाटणी करत, असेही त्यात सांगितले आहे. त्याच काउंटीतल्या स्टोअरपेन गावाबद्दल १८४३ च्या सरकारी चौकशीत नोंद आहे की सुमारे दहा फूट चौरस खोलीत तीन पलंगांवर अकरा माणसे झोपत. गवताचे छप्पर बाहेरून गोजिरवाणे दिसते. आतून ते गळते, कुजते आणि पेट घेते, हे आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको. आमच्या आज्या-पणज्यांनी छप्पर शाकारण्यात आयुष्ये घालवली आहेत.

मिल्टन अ‍ॅबस हा एका लहरी लॉर्डचा अपवाद होता का? नाही. ऑक्सफर्डशायरमधल्या न्यूनहॅम कोर्टनी इथेही लॉर्ड हारकोर्टने उद्यानासाठी जुने गाव हलवले होते. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७७० सालच्या 'द डेझर्टेड व्हिलेज' या प्रसिद्ध काव्यामागे तेच गाव असल्याचे बरेच अभ्यासक मानतात. आणि त्याहून मोठा प्रकार होता तो एन्क्लोजरचा, म्हणजे सामाईक जमिनींना कुंपणे घालण्याचा. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन अशी बंदिस्त केली. इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाचा हा पाचवा भाग होतो. गरिबाची गाय ज्या गायरानावर चरत होती, जिथून तो सरपण आणत होता, कापणीनंतर जिथे त्याची बायकामुले सर्वा वेचत होती, तो आधार यातून आक्रसत गेला. कायदे करणारे पार्लमेंट जमीनदारांचे होते. ज्याच्याकडे कागद होता त्याला हिस्सा मिळाला. ज्याच्याकडे फक्त पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती त्याला बहुधा काहीच नाही.

चित्रकार्डावरची ती हिरवीगार शेते आणि त्यांच्यामधली झुडुपांची नीटनेटकी कुंपणे पाहून आपण "निसर्ग!" म्हणतो. त्यातली अनेक कुंपणे म्हणजे या कायद्यांनी जमिनीवर मारलेल्या रेघा आहेत. नॉर्थॅम्प्टनशायरच्या हेल्पस्टन गावचा जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी याच बदलाचा साक्षीदार. १८०९ साली त्याच्या गावासाठी एन्क्लोजरचा कायदा झाला. ज्या वाटांवर तो लहानपणी हिंडला त्या बंद झाल्या, आणि ते दुःख त्याने कवितेत मांडले. त्याच्या आयुष्याची शेवटची वीसहून अधिक वर्षे वेड्यांच्या इस्पितळात गेली. क्लेअरलाही जुन्या गावाची ओढ होती. परंतु त्याची ओढ आणि चित्रकार्डाची ओढ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्लेअर आठवण काढतो आणि सांगतो की हे कोणी हिरावले. चित्रकार्ड आठवण काढते आणि हिरावणाऱ्याच्याच कुंपणाला सौंदर्य म्हणते.

"पण माणसे समाधानी होती ना?" असे विचारले जाते. समाधानी माणसे मळणीयंत्रे का फोडतील? १८३० च्या उन्हाळ्याअखेर केंट काउंटीत मजुरांनी मळणीयंत्रे फोडायला सुरुवात केली आणि वर्षाअखेरपर्यंत हे लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. हिवाळ्यात हाताने मळणी करणे हेच मजुराचे पोट, आणि यंत्र तेच घेऊन जात होते. 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक नावाने धमकीची पत्रे जात. सरकारने १९ जणांना फाशी दिली आणि सुमारे ५०० जणांना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत काळ्या पाण्यावर धाडले.

त्यानंतर चारच वर्षांनी डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावात जे घडले ते तर प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. तिथे शेतमजुराची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगवरून आठ, आठवरून सात अशी उतरत गेली आणि सहावर आणण्याची भाषा सुरू झाली. जॉर्ज लव्हलेस आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ साली मजुरांची संघटना काढली. संघटना काढणे तेव्हा गुन्हा नव्हता, तशी बंदी १८२४ सालीच उठली होती. मग जेम्स फ्रॅम्प्टन या स्थानिक जमीनदार-मॅजिस्ट्रेटने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नशी पत्रव्यवहार केला आणि आरमारातल्या बंडानंतर १७९७ साली झालेला गुप्त शपथांविरुद्धचा कायदा शोधून काढण्यात आला. सभासद होताना शपथ घेतली, एवढाच गुन्हा! मार्च १८३४ मध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टाने सहा जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. देशभर निषेध उसळला, लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली. परत आल्यावर सहापैकी पाच जण पुढे कॅनडात निघून गेले. ज्या गावाची चित्रे पाहून आपण हळहळतो त्या गावात राहणे त्यांना नको झाले होते. सहावा, जेम्स हॅमेट, टॉलपडललाच राहिला आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे सरकारी दरिद्री-गृहात वारला. तोवर चित्रकार्डांचा काळ दारात येऊन उभा होता.

याच डॉर्सेटमध्ये चारबरो पार्क नावाची इस्टेट आहे. रस्त्याने जाणाऱ्याला तिची विटांची भिंत मैलोगणती सोबत करते. १८४० च्या दशकाच्या प्रारंभी बांधलेल्या या भिंतीत २० लाखांहून अधिक विटा असल्याचे सांगतात. स्टोअरपेनची ती दहा फुटी खोली आणि ही भिंत एकाच काळातली, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. इस्टेट ड्रॅक्स घराण्याची. या घराण्याची बार्बाडोस बेटावर १७ व्या शतकापासून उसाची मळेशेती होती आणि ती गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांच्या श्रमावर चालत होती. १८३३ साली ब्रिटनने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, आणि ती मिळाली मालकांना! चारबरोच्या तेव्हाच्या मालकाला १८९ माणसांच्या बदल्यात ४,२९३ पौंड मिळाले. त्या १८९ जणांना एक पेनीही नाही. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे हप्ते ब्रिटिश करदात्यांनी २०१५ साली फेडले. इंग्लंडच्या शांत खेड्याचे चित्र पाहताना इंग्लंडबाहेरचे उसाचे मळे त्यात का दिसत नाहीत, हा प्रश्न विचारणे आता तिकडेही सुरू झाले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतवाद आणि गुलामगिरीशी असलेले संबंध अहवालातून जाहीर केले. त्यावर केवढा गदारोळ झाला! "आमच्या आठवणी नासवू नका" असाच त्या ओरडीचा सूर होता.

शहरांचीही गोष्ट वेगळी नाही. ग्लासगोच्या जुन्या अरुंद बोळांचे फोटो थॉमस अ‍ॅननने १८६८ ते १८७१ या काळात काढले. आज ते कलाकृती म्हणून पाहिले जातात. परंतु ते काढून घेतले होते शहर सुधारणा ट्रस्टने, त्या वस्त्या पाडण्यापूर्वीची नोंद म्हणून. त्या बोळांत राहणाऱ्यांनी ते फोटो मागितले नव्हते. एडविन चॅडविकच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरमधल्या मजूर कुटुंबांचे मृत्यूचे सरासरी वय १७ वर्षे दिले आहे. लहान मुले इतकी मरत की सरासरी तिथे उतरली होती. त्याच मँचेस्टरमधल्या उच्च व्यावसायिक वर्गात ते ३८ होते. रटलँड या ग्रामीण काउंटीत मजुरांचे ३८ आणि वरच्या वर्गाचे ५२. हे आकडे दोन गोष्टी सांगतात. शहर मजुराला मारत होते, हे खरे. आणि खेड्यात हवा चांगली असली तरी वर्ग तिथेही माणसाची चौदा वर्षे खात होता, हेही तेवढेच खरे.

गंमत पाहा. १९७३ साली 'होव्हिस' ब्रेडची एक जाहिरात आली. एक मुलगा ब्रेडची सायकल ढकलत दगडी चढण चढतो, मागे बँडवर ड्वोर्झाकची सुरावट. ब्रिटनमधल्या लाखो लोकांना त्यात आपले बालपण दिसले. कित्येकांची आजही समजूत आहे की ती चढण उत्तरेकडच्या गिरणगावातली आहे. ती आहे डॉर्सेटमधल्या शाफ्ट्सबरीची, गोल्ड हिल. जाहिरात केली रिडली स्कॉट या पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेल्या दिग्दर्शकाने. म्हणजे एका ठिकाणच्या आठवणी दुसऱ्या ठिकाणच्या दगडांवर चिकटवल्या गेल्या, आणि त्या खऱ्या वाटल्या. डोंगरावरच्या या शाफ्ट्सबरीला शेकडो वर्षे स्वतःचे पुरेसे पाणी नव्हते. पायथ्याच्या एन्मोर ग्रीनमधून घोड्या-गाढवांवर लादून पाणी वर आणावे लागे. ती चढण ओझे वाहणाऱ्याला कशी वाटत असेल, हे जाहिरातीत कुठून येणार?

मग आठवण काढणेच चूक आहे का? आमचे तसे म्हणणे नाही. डॉर्सेटच्याच किनाऱ्यावर टाइनहॅम नावाचे गाव आहे. डिसेंबर १९४३ मध्ये लष्कराच्या सरावासाठी तिथल्या सुमारे २२५ माणसांना महिनाभराच्या नोटिशीवर घरे सोडावी लागली. युद्ध संपल्यावर परत येऊ, अशी त्यांची आशा होती. परंतु १९४८ साली जमीन सक्तीने संपादित झाली आणि गाव कायमचे लष्कराकडे राहिले. बहुतेक लोक भाडेकरू होते. त्यामुळे घरादाराची भरपाई त्यांना मिळालीच नाही, मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची. आज पडक्या भिंती, चर्च आणि शाळा तिथे उभी आहेत, लोक जुने फोटो पाहायला जातात. तिथून उठवलेल्या माणसाने आपल्या दाराचा फोटो छातीशी धरला तर त्याला कोण नावे ठेवील? धरणात गाव गेलेल्या माणसाला हे दुःख समजेल. आमचा विरोध आठवणीला नाही. मालकीचा प्रश्न वगळून सजवलेल्या आठवणीला आहे.

डॉर्सेटच्याच थॉमस हार्डीने हे फार पूर्वी ओळखले होते. १८८३ साली 'द डॉर्सेटशायर लेबरर' या लेखात त्याने शहरी वाचकाला सुनावले, त्याचा आशय असा: मजूर आता पूर्वीसारखा 'चित्रात शोभणारा' राहिलेला नाही म्हणून हळहळू नका. तो जागा बदलतो आहे, जग पाहतो आहे, थोडा स्वतंत्र होतो आहे. बघ्यांच्या हौसेसाठी त्याने मागासलेले राहावे, ही अपेक्षा करणेच चूक आहे. पट्ट्याची मुदत संपताच गावातल्या कारागीर कुटुंबांना कसे हाकलले जाते, हेही त्याच लेखात आहे. आणि त्याच सुमारास हेलन अ‍ॅलिंगहॅमसारख्या चित्रकार गवती घरांची जलरंगातली मोहक चित्रे काढत होत्या आणि ती शहरात विकली जात होती. हार्डीचे शब्द अभ्यासकांच्या कपाटात गेले, जलरंग कॅलेंडरवर आले.

आता कोणी म्हणेल, इंग्लंडच्या चित्रांशी तुम्हाला काय देणेघेणे? देणेघेणे आहे. नोव्हेंबर १८३० मध्ये, म्हणजे दक्षिण इंग्लंडमध्ये मजूर यंत्रे फोडत होते त्याच महिन्यात, इकडे भारतात चार्ल्स मेटकाफ हा कंपनीचा अधिकारी एक टिपण लिहीत होता. भारतातली खेडी म्हणजे छोटी स्वयंपूर्ण प्रजासत्ताके आहेत, राज्ये येतात-जातात पण ती टिकून राहतात, असे त्याने लिहिले. पुढे हेन्री मेनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात भारतीय खेड्यात युरोपच्या जुन्या ग्रामसमाजाचे जिवंत रूप पाहिले. स्वतःच्या देशातले सामाईक गाव कुंपणांनी गिळले, आणि हरवलेल्या गावाचे चित्र आमच्या गावावर चढवले गेले! आमच्या सुशिक्षित उच्चवर्णीयांनी ते आनंदाने भिंतीवर टांगले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी मेटकाफचेच नाव घेऊन या कौतुकाची चिरफाड केली. नुसते टिकून राहण्याला काय किंमत, कोणत्या पातळीवर टिकलात ते सांगा, हा त्यांचा सवाल होता. त्या खेड्याला त्यांनी संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर ठरवले, आणि मसुद्याने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला याचे समाधान व्यक्त केले. इंग्लंडमध्ये राहून, शिकून आलेल्या माणसाने इंग्रजांनी काढलेले आपल्या गावाचे चित्र असे नाकारले. पाहण्याची हीच रीत आम्हाला इंग्लंडच्या चित्रांनाही लावायची आहे.

म्हणून चित्रकार्डे फेकून देऊ नका. ती जरूर ठेवा, आणि प्रत्येक चित्राला मघाचे प्रश्न विचारा. आठवण वेगळ्या तऱ्हेनेही जपता येते, याचा दाखला टॉलपडलच देते. त्या सहा मजुरांच्या शिक्षेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९३४ साली, ब्रिटनच्या ट्रेड युनियन काँग्रेसने तिथे पुतळ्यांऐवजी सहा घरे बांधली. प्रत्येक घराला एकेका मजुराचे नाव दिले आणि ती निवृत्त शेतमजुरांना राहायला दिली. दर जुलैमध्ये कामगार तिथे झेंडे घेऊन जमतात आणि जेम्स हॅमेटच्या कबरीवर फुले वाहतात.

ती सहा घरेही दिसायला छान आहेत. त्यांचेही फोटो निघतात. फरक इतकाच की त्या फोटोतल्या घरांना त्या सहा मजुरांची नावे आहेत, आणि ती घरे कोणी, का, कोणासाठी बांधली हे तिथे उघडपणे सांगितले जाते. लंडनला जाणाऱ्या आमच्या मित्रांनी पुढच्या खेपेला एक दिवस काढून तिथे जावे. चित्रकार्ड आणायचेच असेल तर तिथले आणावे.